गाडी उक्षीला थांबते, पण थांबा नाही

माझी आत्या रत्नागिरी जिल्ह्यात उक्षीजवळच्या एका वाडीत राहते. मुंबईला मुलाकडे आली की परतताना रत्नागिरीचं तिकीट काढते, कारण लांब पल्ल्याच्या मेल-एक्सप्रेसना उक्षीला थांबा नाही. मागच्या खेपेला तिला पोचवायला मी सोबत होतो. संगमेश्वर रोड मागे पडलं, थोड्या वेळाने वेग उतरला, खडखड करत डबा एका अंगाला झुलला आणि गाडी उभी राहिली. खिडकीबाहेर पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं: उक्षी. आत्याने पिशव्या मांडीवर घेतल्या. पाच मिनिटं झाली, दहा झाली, वीस झाली. "उभीच आहे ना गाडी? मग मला उतरू का नाही देत? घर इथं, नि मी चाललेय रत्नागिरीला!"

मी तिला उतरू दिलं नाही. पंचवीस मिनिटांनी गाडी हलली, करबुड्याच्या बोगद्यात शिरली, भोके स्टेशन मागे पडलं. रत्नागिरीला उतरून रिक्षाने आम्ही उलटे उक्षीकडे आलो. त्या रिक्षात मी तिला जे सांगायचा प्रयत्न केला आणि मला नीट सांगता आलं नाही, ते इथे सावकाश मांडतो. कारण हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. रोह्यापासून मडुऱ्यापर्यंत छोट्या स्टेशनांच्या आसपास राहणारा प्रत्येक माणूस तो कधी ना कधी विचारतो: गाडी उभी राहतेच आहे, तर थांबा द्यायला काय जातं?

खरी गोष्ट अशी की उक्षीचं स्टेशन मुळात उक्षी गावासाठी बांधलेलंच नाही. ते गाड्यांसाठी बांधलं. गावाचा त्याला उपयोग होतो, पण तो नंतरचा. ही एक गोष्ट डोक्यात ठेवली की छोट्या स्टेशनातलं बाकी सगळं उलगडत जातं. फलाट असा का, स्टेशन गावापासून लांब का, आणि मागायचं झालं तर नेमकं काय मागायचं, तेही.

एकच रूळ, दोन्हीकडून गाड्या

कोकणात रेल्वे यावी ही मागणी फार जुनी. तोवर चाकरमानी एसटीने यायचे, त्याआधी भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या बोटींनी. रोह्यापर्यंत रूळ आले १९८६ मध्ये आणि तिथेच अडले. पुढचं काम नेहमीच्या पद्धतीने, दरवर्षीच्या रेल्वे अर्थसंकल्पातून थोडे थोडे पैसे घेऊन केलं असतं, तर आणखी एक पिढी गेली असती. म्हणून १९९० मध्ये त्यासाठी स्वतंत्र महामंडळ काढलं. तेव्हा रेल्वेमंत्री होते जॉर्ज फर्नांडिस, अर्थमंत्री मधू दंडवते आणि महामंडळाची सूत्रं ई. श्रीधरन यांच्याकडे. महामंडळात सुरुवातीला केंद्राचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा आणि केरळ प्रत्येकी ६. रोहा ते मंगळूरजवळचं ठोकूर हे अंतर ७४१ किलोमीटर. काम तुकड्यातुकड्याने झालं. १९९३ मध्ये रोहा ते वीर, १९९५ मध्ये खेड, डिसेंबर १९९६ मध्ये सावंतवाडी. उक्षीला गाडी आली ती या शेवटच्या तुकड्यात. पेडण्याच्या बोगद्यातल्या भुसभुशीत मातीने सगळ्यात जास्त रडवलं आणि संपूर्ण मार्ग जानेवारी १९९८ मध्ये सुरू झाला.

९१ बोगदे आणि लहानमोठे सुमारे दोन हजार पूल. एवढा खर्च करताना रूळ मात्र एकच टाकला. तो निर्णय समजण्यासारखा आहे, कारण दुहेरी मार्ग करायचा तर बोगदे रुंद खणायला हवेत किंवा दुप्पट खणायला हवेत. पण त्याचा परिणाम आजपर्यंत प्रत्येक प्रवासी भोगतो.

आमच्याकडे वाडीच्या रस्त्यावर एसटी आणि समोरून वाळूचा डंपर आला की काय होतं, आठवा. रस्ता एका गाडीपुरता. कुणीतरी मागे जाऊन जरा रुंद जागा बघून बाजूला घ्यावं लागतं. रेल्वेला मागे जाणं परवडत नाही. म्हणून वाटेत ठरावीक अंतरावर रुंद जागा आधीच करून ठेवतात. मुख्य रुळाच्या बाजूला दुसरा रूळ टाकतात, दोन्ही टोकांना तो मुख्य रुळाला जोडतात. याला लूप लाइन म्हणतात. एक गाडी लुपात उभी करायची, समोरची मुख्य रुळावरून जाऊ द्यायची. हेच क्रॉसिंग. 'गाडी क्रॉसिंगला पडली' असं आपण कंटाळून म्हणतो ते हेच.

अशी प्रत्येक जागा म्हणजे एक स्टेशन. कोकण रेल्वे सुरू झाली तेव्हा मार्गावर ५९ स्टेशनं होती, म्हणजे सरासरी बारा-तेरा किलोमीटरला एक. या जागा ठरवताना पहिला हिशेब गाड्यांचा होता. दोन स्टेशनांमधलं अंतर काटायला समजा पंधरा मिनिटं लागली, तर तेवढा वेळ समोरून दुसरी गाडी त्या पट्ट्यात सोडता येत नाही. एक जाणारी आणि एक येणारी मिळून अर्धा तास गेला. आणि संपूर्ण मार्गावर रोज किती गाड्या धावू शकतील हे ठरतं ते सगळ्यात जास्त वेळ खाणाऱ्या पट्ट्यावरून. बाकीच्या ठिकाणी रूळ मोकळा असला तरी उपयोग नाही.

म्हणून अलीकडच्या वर्षांत जास्त अंतराच्या पट्ट्यांमध्ये नवी क्रॉसिंग स्टेशनं घातली. कळंबणी बुद्रुक, कडवई, वेरवली, खारेपाटण रोड, आचिर्णे ही त्यातली. कडवई घ्या. आरवली रोड आणि संगमेश्वर रोड यांच्या मध्ये ते आलं आणि एका लांब पट्ट्याचे दोन आखूड पट्टे झाले. स्टेशन मिळाल्याचा गावकऱ्यांना आनंद झाला आणि तो रास्तच आहे. पण स्टेशन मिळणं आणि गाडी मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

त्या पंचवीस मिनिटांत काय चाललं होतं

आता आत्याची गाडी उक्षीत शिरताना पाहू. पुढची गाडी सोडण्यासाठी स्टेशन मास्तर स्वतःच्या मनाने काही करू शकत नाही. संगमेश्वर रोडच्या मास्तरला उक्षीच्या मास्तरकडून 'लाइन क्लिअर' घ्यावी लागते, म्हणजे मधला रूळ रिकामा आहे, गाडी पाठव, अशी परवानगी. मास्तरच्या टेबलाशी एक यंत्र असतं, त्यावर घंटा. ठोके ठरलेले आहेत. एक ठोका म्हणजे लक्ष दे, फोन घे. दोन म्हणजे रूळ मोकळा आहे का? तीन म्हणजे गाडी निघाली, पट्ट्यात शिरली. चार म्हणजे गाडी पूर्ण पोचली. सहा ठोके ऐकू आले तर काहीतरी संकट आहे. देशातल्या कित्येक जुन्या एकेरी मार्गांवर ही परवानगी हातात धरता येईल अशी असायची. यंत्रातून लोखंडी गोळा निघायचा, तो वेताच्या कड्याला लावलेल्या पिशवीत घालून ड्रायव्हरला द्यायचा. गोळा हातात नसेल तर गाडी पुढे न्यायची नाही. आता सिग्नल आणि यंत्रं एकमेकांना विजेने बांधलेली असतात, गोळा बऱ्याच ठिकाणांहून गेला, पण नियम तोच: एका पट्ट्यात एका वेळी एकच गाडी.

कुठली गाडी कुठे थांबवायची हे कंट्रोल ठरवतं, म्हणजे मार्गावरच्या सगळ्या गाड्यांवर नजर ठेवणारं केंद्र. समजा रत्नागिरीकडून वंदे भारत येते आहे. कंट्रोल उक्षीला सांगतं, मुंबईची गाडी लुपात घ्या. मग उक्षीच्या आधीचा सिग्नल पिवळा होतो आणि त्याच्या डोक्यावर तिरक्या रांगेत पाच पांढरे दिवे लागतात. ड्रायव्हरला त्यातून कळतं की आपल्याला बाजूच्या रुळावर जायचं आहे, वेग उतरव. सांध्यावरून, म्हणजे दोन रूळ जोडलेत तिथून, लुपात जाताना वेग साधारण ताशी ३० किलोमीटरपर्यंत आणावा लागतो. डब्यात बसून हे सहज ओळखता येतं. स्टेशनात शिरताना डबा एका बाजूला झुलला आणि सांध्यांची खडखड झाली तर तुमची गाडी लुपात गेली. सरळ गुळगुळीत आली तर ती मुख्य रुळावर आहे. हा फरक पुढे फलाटाच्या बाबतीत महत्त्वाचा ठरणार आहे.

आपली गाडी पोचली तरी समोरची लगेच येत नाही. करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे, कोकण रेल्वेवरचा सगळ्यात लांब, आणि तो उक्षी आणि भोके यांच्या मध्येच येतो. भोक्याहून निघालेली गाडी त्या संपूर्ण पट्ट्यात एकटी असते. ती उक्षी ओलांडेपर्यंत आपल्याला आत शिरता येत नाही. शिवाय दोन गाड्या एकाच वेळी दोन्ही बाजूंनी स्टेशनात घेणं सहसा टाळतात. ब्रेक थोडा कमी लागला आणि गाडी थांबण्याच्या सिग्नलच्या पुढे घसरली तर? म्हणून त्या सिग्नलच्या पुढेही १२० मीटर रूळ मोकळा धरतात. आधी एक आत येऊन पूर्ण थांबते, मग दुसरीला सिग्नल मिळतो. म्हणजे लुपात जाणारी गाडी बरीच आधी येऊन बसणार, हे ओघानेच आलं. समोरची उशिरा धावत असेल तर तेवढा उशीर आपल्या बोकांडी. आणि गणपतीत जादा गाड्यांची रांग लागलेली असते तेव्हा एक क्रॉसिंग संपून दुसरं सुरू होतं.

यातला एक क्षण मला फार आवडतो. न थांबणारी गाडी येते तेव्हा मास्तर हिरवा झेंडा घेऊन बाहेर येऊन उभा राहतो, रूळांच्या पलीकडच्या बाजूला पॉइंट्समन, म्हणजे सांधे सांभाळणारा कर्मचारी. रात्री झेंड्याच्या जागी हिरवा दिवा. लांबून पाहणाऱ्याला वाटतं गाडीला मान देत असेल. प्रत्यक्षात ते दोघं धावती गाडी दोन्ही बाजूंनी तपासत असतात. एखादं चाक तापून लाल झालंय का, ब्रेक आवळलेलाच राहिलाय का, खालून काही लोंबतंय का, धूर येतोय का. काही दिसलं तर लाल झेंडा आणि पुढच्या स्टेशनला फोन. सगळ्यात शेवटी त्यांची नजर जाते ती अखेरच्या डब्याच्या पाठीवर. तिथे मोठी फुली रंगवलेली असते आणि 'एल. व्ही.' अक्षरांची छोटी पाटी लटकवलेली असते, म्हणजे शेवटचा डबा. ती दिसली तरच गाडी पूर्ण आली. दिसली नाही तर एखादा डबा तुटून मागे बोगद्यात राहिलेला असू शकतो. मग चार ठोके वाजणार नाहीत आणि पट्टा मोकळा झाला असं कुणी म्हणणार नाही. आता रुळांवर चाकं मोजणारी यंत्रं आली आहेत, तरी माणूस उभा राहतोच. आत्याला तिच्या खिडकीतून झेंडा घेतलेला जो माणूस दिसला, तो हे करत होता.

मग उतरू का देत नाहीत?

रेल्वेच्या भाषेत थांबे दोन प्रकारचे. एक तांत्रिक: क्रॉसिंगसाठी, सिग्नलसाठी, कर्मचारी बदलण्यासाठी. दुसरा व्यावसायिक: प्रवाशांची चढउतार करण्यासाठी, जो वेळापत्रकात छापलेला असतो आणि ज्याचं तिकीट मिळतं. तांत्रिक थांब्यात गाडी किती वेळ उभी राहील याचं वचन कुणीच कुणाला दिलेलं नसतं. सिग्नल मिळाला की भोंगा, आणि गाडी निघाली. कुणी उतरतंय का, कुणाची पिशवी दारात अडकलीय का, यासाठी ती थांबून राहत नाही. व्यावसायिक थांब्यात ते पाहायची जबाबदारी गार्डवर असते (२०२२ पासून त्यांना ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण फलाटावर अजून गार्डच).

दुसरी अडचण फलाटाची. छोट्या क्रॉसिंग स्टेशनात प्रत्येक रुळाला फलाट असेलच असं नाही. गाडी ज्या रुळावर घेतली तिथे फलाट नसेल तर दारातून खाली थेट खडी. डब्याची जमीन रुळापासून सव्वा मीटरच्या आसपास उंच असते. उंच फलाट ७६ ते ८४ सेंटीमीटरचा असतो, मध्यम साडेपंचेचाळीस सेंटीमीटरचा, आणि छोट्या स्टेशनांत कित्येकदा रुळाच्या पातळीइतकाच. सत्तरीच्या बाईला हातात पिशव्या घेऊन तिथून उतरायचं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. फलाट असला तरी पुरेल इतका लांब हवा. एक डबा सुमारे २४ मीटर, बावीस डबे म्हणजे अर्ध्या किलोमीटरहून जास्त. शेवटचे डबे फलाटाबाहेर राहतात.

आणि सगळ्यात मोठं कारण बाजूच्या रुळावर आहे. क्रॉसिंग आहे म्हणजे समोरून गाडी येणारच आहे, तीही वेगात. दोन रुळांच्या मध्यांमधलं अंतर पाच मीटरच्या आसपास, त्यात डब्यांची रुंदी धरली की दोन गाड्यांच्या मध्ये माणसाला उभं राहायला दीड-दोन मीटर उरतात. चुकीच्या बाजूने उतरलेला माणूस नेमका तिथे सापडतो. मी आत्याचा हात धरून ठेवला तो यासाठी. ज्या दारातून तिला तिची वाट दिसत होती, ते दार मुख्य रुळाच्या बाजूचं होतं.

स्टेशन गावापासून लांब का

राजापूर रोड, संगमेश्वर रोड, वैभववाडी रोड, सावंतवाडी रोड. हे 'रोड' म्हणजे काय, असं बाहेरची माणसं विचारतात. जुनी रेल्वेची रीत आहे: नावापुढे रोड असेल तर स्टेशन त्या गावात नाही, त्या गावाकडे जाणारा रस्ता तिथून धरायचा. सावंतवाडी रोड स्टेशन मळगावात आहे. राजापूर रोडला उतरून राजापूर शहर गाठायला आणखी चांगलाच प्रवास उरतो.

यामागेही गाडीच आहे. कोकण रेल्वेचा चढ सगळीकडे सौम्य ठेवलाय, १५० मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर, याहून जास्त नाही. डोंगराळ मुलखात एवढा सौम्य चढ ठेवायचा म्हणजे डोंगर आला की बोगदा आणि दरी आली की पूल. स्टेशनात तर उभे डबे आपोआप घरंगळू नयेत म्हणून जमीन त्याहूनही सपाट लागते, ४०० मीटरला एक मीटर हीसुद्धा वरची मर्यादा. शिवाय पूर्ण गाडी मावेल अशी लूप हवी, म्हणजे साधारण पाऊण किलोमीटर, दोन्ही टोकांच्या सांध्यांसह एक किलोमीटरच्या घरात सरळ सपाट पट्टी. सह्याद्रीच्या पायथ्याशी अशी पट्टी कुठे मिळते? दोन टेकड्यांच्या मध्ये, नदीकाठी किंवा जांभ्याचा कडा तासून. गाव डोंगराच्या कुशीत किंवा बाजारपेठेत असतं. सपाट जागा जिथे मिळाली तिथे स्टेशन झालं आणि जवळच्या गावाचं नाव त्याला मिळालं.

उक्षीचं नाव आता वेगळ्या कारणानेही जगापुढे गेलंय. तिथल्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, हत्तीचं भलंमोठं कातळशिल्प आहे, युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत असलेल्या कोकणातल्या कातळशिल्पांपैकी एक. पावसाळ्यात जवळच्या रानपाटच्या धबधब्यावर गर्दी होते. या माणसांनी परतीचं तिकीट उक्षी स्टेशनावरून काढलं तर फार बरं होईल. का, ते पुढे येतंय.

पाटीवर एक गंमत बघा. महाराष्ट्रात स्टेशनचं नाव आधी मराठीत, मग हिंदीत, मग इंग्रजीत लिहितात. दोन्ही देवनागरीच असल्याने उक्षीसारखं नाव दोनदा सारखंच येतं. फरक पडतो तो 'ळ' आला की. नेरळ आणि खाली नेरल. लोणावळा आणि खाली लोनावला. पाटीवर खाली लिहिलेली उंची समुद्रसपाटीपासूनची.

सोयी कशावर ठरतात

छोट्या स्टेशनाहूनही छोटा प्रकार म्हणजे हॉल्ट. तिथे लूप नाही, सिग्नल नाहीत, मास्तर नाही. गाड्यांच्या दृष्टीने ते स्टेशनच नाही, प्रवाशांसाठी ठेवलेली थांबायची जागा. तिकिटं बऱ्याचदा गावातलाच एखादा एजंट कमिशनवर विकतो. म्हणजे उलटा प्रकार झाला: क्रॉसिंग स्टेशन गाड्यांसाठी असतं आणि त्यात प्रवासी सामावून घेतात, हॉल्ट पूर्णपणे माणसांसाठी असतो. कोकणात आधी हॉल्ट असलेली काही ठिकाणं नंतर क्रॉसिंग स्टेशनं झाली.

सोयींसाठी रेल्वेने स्टेशनांचे गट पाडलेत. पूर्वी ए-वन, ए, बी असे एफपर्यंत होते. २०१७ मध्ये नवी रचना आली: उपनगरी स्टेशनांचे तीन गट, बिगर-उपनगरी सहा, हॉल्टचे तीन. बिगर-उपनगरीतला शेवटचा सहावा गट म्हणजे वर्षाला एक कोटी रुपयांपर्यंत उत्पन्न आणि दहा लाखांपर्यंत प्रवासी. गाववाल्या स्टेशनांचा हाच गट. गट ठरला की सोयींची यादी ठरते. किमान आवश्यक, त्यावर शिफारस केलेल्या, त्यावर इष्ट, अशा तीन पायऱ्या आहेत. किमान यादीत पिण्याचं पाणी, बसायला जागा, प्रतीक्षालय, स्वच्छतागृह, दिवे, वेळापत्रक हे येतं. छोट्या स्टेशनांच्या यादीत सावली देणारी झाडंही आहेत. शेड परवडत नसेल तिथे झाड, असा तो सरळ विचार आहे आणि कोकणातल्या मे महिन्यात एखादं मोठं झाड पत्र्याच्या शेडपेक्षा कितीतरी जास्त सुख देतं.

या गटवारीत आपल्या गावांचं नुकसान कुठे होतं ते बघा. मोजतात ती त्या स्टेशनावरून सुटणारी तिकिटं आणि तिथून निघणारे प्रवासी. गणपतीला शंभर चाकरमानी ठाण्याजवळच्या दिवा स्टेशनाहून उक्षीला आले, तर ते सगळे दिव्याच्या खात्यात गेले. माझी आत्या घरून रिक्षाने रत्नागिरीला जाऊन गाडी पकडते, म्हणजे ती रत्नागिरीची प्रवासी. उक्षीच्या कागदावर ती कुठेच नाही. माणसं जातात-येतात, गाव जिवंत आहे, पण स्टेशनच्या हिशेबात ते रिकामं दिसतं. म्हणून पॅसेंजरने जवळच्या जवळ जायचं असलं तरी तिकीट आपल्या स्टेशनच्या खिडकीवर काढा. पलीकडच्या गावाला जायचं दहा रुपयांचं तिकीट असलं तरी काढा. तेच स्टेशनच्या बाजूने बोलणारा पुरावा असतं.

यात आणखी एक गुंता आहे, पैशांचा. कोकण रेल्वे स्वतंत्र महामंडळ असल्याने इतर रेल्वे विभागांसारखा केंद्राच्या अर्थसंकल्पातून थेट निधी तिला मिळत नाही. कर्ज, मालवाहतूक, बाहेरची कामं यांतून उभा राहणारा पैसा आधी रूळ आणि बोगद्यांच्या सुरक्षेकडे जातो, आणि पावसाळ्यात दरडींचा मुलूख सांभाळायचा तर तो जायलाच हवा. भारतीय रेल्वेत विलीनीकरणाला गोवा, कर्नाटक आणि केरळ आधीच तयार होते, मे २०२५ मध्ये महाराष्ट्रानेही संमती दिली. ते झाल्यावर छोट्या स्टेशनांच्या वाट्याला काय येतं, याकडे आपण डोळ्यांत तेल घालून पाहायला हवं.

थांबा मागायचा तर

ताशी शंभरच्या वेगाने धावणारी गाडी दोन मिनिटं थांबवायची तर वेग उतरवणं, थांबणं आणि पुन्हा वेग घेणं मिळून पाच-सहा मिनिटं जातात. एकेरी मार्गावर त्या पाच मिनिटांनी पुढची दोन-तीन क्रॉसिंगं सरकतात. त्यामुळे 'आमच्या गावात सगळ्या गाड्या थांबवा' असं निवेदन फायलीत राहतं. लांब पल्ल्याच्या गाडीचा नवा थांबा रेल्वे बोर्डाच्या मंजुरीने मिळतो आणि बहुतेक वेळा आधी प्रायोगिक तत्त्वावर. त्या मुदतीत किती तिकिटं खपली ते बघून तो पुढे चालू ठेवायचा की काढायचा ते ठरतं. थांबा मिळाल्याच्या दिवशी इंजिनाला हार घालतात आणि नंतर तिकिटं काढत नाहीत, असं झालं की तो हातातून जातो.

त्यापेक्षा एक नेमकी गाडी मागावी. जी वेळापत्रकाप्रमाणेच आपल्याकडे क्रॉसिंगला उभी राहते, तिला थांबा द्यायला नवा वेळ फारसा लागत नाही. पण दोन गोष्टी तपासून घ्याव्या. ती गाडी फलाटाच्या रुळावर घेतात का? आणि परतीची गाडीही सोयीच्या वेळेला आहे का? नुसतं जाता आलं आणि येता आलं नाही तर तिकिटं खपणार नाहीत. हेही समजून घ्यावं की क्रॉसिंगची जागा पक्की नसते. समोरची गाडी वीस मिनिटं उशिरा असली की आजचं उक्षीचं क्रॉसिंग उद्या भोक्याला होतं. वेळापत्रकातलं क्रॉसिंग आणि रोजचं क्रॉसिंग यात फरक आहे आणि मागणी पहिल्यावर आधारलेली हवी. ग्रामसभेचा ठराव, कॉलेजला जाणाऱ्या मुलांची संख्या, दवाखान्यासाठी रत्नागिरीला जाणाऱ्यांची संख्या, आणि आपल्या खिडकीवरची तिकीटविक्री, एवढं घेऊन प्रवासी सल्लागार समितीच्या सदस्यांकडे आणि खासदारांकडे गेलं तर बोलण्याला वजन येतं.

फलाटाची उंची हीसुद्धा स्वतंत्र मागणी आहे आणि माझ्या मते थांब्याच्या आधीची. आज जी पॅसेंजर थांबते तिच्यातून म्हाताऱ्या माणसाला नीट उतरता येत नसेल, तर एक्सप्रेस थांबून तरी काय करणार?

रोहा ते वीर हा ४६ किलोमीटरहून थोडा जास्त पट्टा २०२१ मध्ये दुहेरी झाला. तिथे आता क्रॉसिंगसाठी कुणाला थांबावं लागत नाही. वीरच्या पुढे डोंगर सुरू होतात, बोगदे सुरू होतात आणि दुसरा रूळ महागडा होत जातो. पण कधीतरी तो आलाच, तर उक्षीला उभ्या राहणाऱ्या गाड्या उभ्या राहणार नाहीत. तांत्रिक थांबा आपोआप संपेल आणि छापलेला थांबा नसेल तर काहीच उरणार नाही.

गेल्या महिन्यात आत्याचा फोन आला होता. रत्नागिरीला डोळे दाखवायला जायचं होतं. रिक्षा न करता ती उक्षीला चालत गेली, खिडकीवर तिकीट काढलं आणि पॅसेंजर येईपर्यंत मास्तरच्या खोलीबाहेर बाकावर बसली. "आत घंटा वाजली रे," ती म्हणाली. "मी मोजली. तीन."